घरची भाषा आणि गावची भाषा

गेल्या जून महिन्यात प्रवेशाचे दिवस चालू असता आमच्या शाळेच्या कचेरीत एक लहानसा प्रसंग घडला. बांधकामावर काम करण्यासाठी दूरच्या मुलखातून आलेल्या एका कुटुंबातील माता आपल्या मुलाचे नाव आठवीत घालावयास आली होती. तिला तेलुगूवाचून दुसरी भाषा येत नव्हती. मुलगा मात्र येथे तीन वर्षे राहून मराठी बोलू लागला होता. कारकुनाने प्रश्न विचारावा, मुलाने तो आईस सांगावा आणि आईचे उत्तर कारकुनास सांगावे, असा क्रम चालला होता. घरात मिळवते किती, उत्पन्न किती, वडिलांना लिहितावाचता येते काय, हे सारे प्रश्न त्या तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून आईकडे जात होते, आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्याची मान थोडी खाली जात होती. आम्ही जवळच उभे होतो. आम्हांस तेलुगू येत नाही, म्हणून गप्प राहिलो. त्या बाईंना बसावयास खुर्ची द्यावी, एवढेही त्या वेळी सुचले नाही.

पुढे या प्रसंगाचा विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, असे प्रसंग जगात ठिकठिकाणी घडत असतात, आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तर ते पिढ्यान्‌पिढ्या घडत आले आहेत. तेथे दक्षिणेकडील देशांतून आलेली स्पॅनिशभाषक कुटुंबे आणि इंग्रजी बोलणारे त्यांचे शेजारी यांना एकमेकांजवळ येण्यास फार प्रयास पडले. त्यांत काय साधले आणि काय फसले, याची तेथे पुष्कळ तपशिलाने नोंद झालेली आहे. ती हकीकत आपणांसही उपयोगी पडेल, या समजुतीने येथे सांगत आहोत.

प्रथम हे लोक कोण, ते पाहू. ज्या द्वीपकल्पातून पोर्तुगीज लोक गोव्यास आले, त्याला रोमन लोक ‘हिस्पानिया’ म्हणत. त्यावरून स्पॅनिशभाषक लोकांना अमेरिकेत ‘हिस्पॅनिक’ असे नाव पडले. मेक्सिको, मध्य अमेरिका, दक्षिण अमेरिकेचा मोठा भाग, क्यूबा आणि प्वेर्तो रिको हे स्पेनच्या अमलाखाली कित्येक शतके होते, त्यामुळे तेथे स्पॅनिश भाषा रुजली. २०२० च्या जनगणनेप्रमाणे संयुक्त संस्थानांत या लोकांची संख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे शंभरात सुमारे १९ इतकी होती. यांतील सुमारे दोन तृतीयांश लोक त्याच देशात जन्मलेले आहेत.

शिवाय हे सगळेच मागाहून आलेले, असेही नाही. फ्लोरिडातील सेंट ऑगस्टिन हे गाव स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये वसविले आणि सांता फे १६१० मध्ये. इंग्रज यात्रेकरूंचे प्रसिद्ध गलबत प्लिमथला लागले ते त्यानंतर, १६२० मध्ये. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा कॅलिफोर्नियासह विस्तीर्ण प्रदेश संयुक्त संस्थानांत गेला, तेव्हा तेथील स्पॅनिशभाषक कुटुंबे आपल्या घरातून न हलता दुसऱ्या देशात जाऊन पडली. माणूस जागेवरच राहतो आणि सीमा सरकते, ही गोष्ट १९५६ ची राज्यपुनर्रचना पाहिलेल्या आपल्या सीमाभागातील वडीलधाऱ्यांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे प्वेर्तो रिकोच्या लोकांना १९१७ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. १९४२ पासून १९६४ पर्यंत सरकारी करारावर मेक्सिकोतील शेतमजूर आणले गेले. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबातून, आणि १९८० नंतरच्या काळात ग्वातेमाला व एल साल्वादोर येथील यादवीमुळे तेथून, लोकांची रीघ लागली. द्राक्षांचे मळे, कोंबड्यांच्या मांसाचे कारखाने, गालिच्यांच्या गिरण्या, इमारतींची कामे, हॉटेले, जेथे अंगमेहनत जास्त तेथे हे लोक कामास लागले.

अशा कुटुंबाची पहिली अडचण पुष्कळदा नावापासूनच सुरू होते. स्पॅनिश रीतीप्रमाणे मुलास दोन आडनावे असतात. आधी वडिलांचे, मग आईचे. ‘लोपेझ गार्सिया’ म्हणजे वडील लोपेझ आणि आई गार्सिया. इंग्रजी कचेरीतला कारकून शेवटचे तेवढे आडनाव धरतो, आणि मुलाचा दाखला आईच्या माहेरच्या नावाने तयार होतो! मधले नाव वडिलांचे लिहिणाऱ्या आपल्या लोकांनाही परदेशात असेच घोटाळे निस्तरावे लागतात. दुसरी अडचण संबोधनाची. स्पॅनिशमध्ये वडील माणसास ‘उस्तेद’ आणि बरोबरीच्यास ‘तू’ म्हणतात. आपला ‘तू’ आणि त्यांचा ‘तू’ उच्चारातसुद्धा एकच, ही मौज आहे. इंग्रजीत हा भेद उरलेला नाही. त्यामुळे शाळेत इंग्रजी शिकलेला नातू आजीशी त्या भाषेत बोलू लागला की, तिला त्याचे शब्द कळत नाहीत ते नाहीतच, पण आपला मान राखला गेला की नाही, हेही कळेनासे होते.

याहून खोल गैरसमज शिक्षणाविषयीचा आहे. स्पॅनिश भाषेतील ‘एदुकासिओन’ हा शब्द इंग्रजी शब्दासारखाच दिसतो, परंतु त्यात केवळ पुस्तकी शिक्षण येत नाही. वळण, आदब, थोरांचा मान राखणे, ज्याला आपण संस्कार म्हणतो, ते सारे त्यात येते. ते देणे हे घराचे काम आणि अक्षरविद्या देणे हे गुरुजींचे काम, अशी या पालकांची वाटणी असते. गुरुजींच्या कामात नाक खुपसणे त्यांना उद्धटपणाचे वाटते. अमेरिकेतील शिक्षकाची अपेक्षा नेमकी उलट असते. पालकांनी शाळेत यावे, प्रश्न विचारावेत, हवे तर वादही घालावा, असे त्याला वाटते. पालक आले नाहीत म्हणजे त्यांना मुलाची आस्था नाही, असा तो अर्थ काढतो. अशा रीतीने एकाने आदराने दूर राहावे आणि दुसऱ्याने त्यास अनास्था समजावे, असे अनेक वर्षे चालले. या दोघांच्या मध्ये सापडते ते मूल.

त्या मुलावर आणखी एक भार असतो. मोठी माणसे दिवसभर कामावर, त्यांना नवी भाषा शिकावयास सवड नाही. मूल शाळेमुळे ती लवकर शिकते आणि घरचा दुभाषी बनते. बँकेत, घरमालकाकडे, दवाखान्यात, सर्वत्र त्यालाच पुढे व्हावे लागते. यात काही लाभही आहेत. मूल चतुर होते, जबाबदारी ओळखते. परंतु आईच्या दुखण्याचे निदान दहा वर्षांच्या मुलीने तिला समजावून सांगावे, किंवा आपल्याविषयीची तक्रार मुलाने स्वतःच वडिलांना भाषांतर करून ऐकवावी, यात घराची उतरंड उलटी होते. हे ओळखून अमेरिकेच्या आरोग्य खात्याने २०१६ च्या नियमांत असे घातले की, आणीबाणीचा प्रसंग वगळता रुग्णालयांनी अल्पवयीन मुलांवर दुभाष्याचे काम सोपवू नये.

शाळांनी आरंभी या प्रश्नावर शोधलेला उपाय फार वाईट होता. तो म्हणजे या मुलांची शाळाच वेगळी काढणे. कॅलिफोर्नियातील वेस्टमिन्स्टर गावी १९४४ च्या सुमारास गोन्झालो व फेलिसितास मेंडेझ या शेतकरी दांपत्याची मुले जवळच्या चांगल्या शाळेत दाखल करण्यास नेली, तेव्हा त्यांना नकार मिळाला. बरोबर गेलेल्या आत्याच्या गोऱ्या मुलांना मात्र प्रवेश देऊ केला. ‘मेक्सिकन’ मुलांसाठी असलेली शाळा म्हणजे गुरांच्या कुरणालगतची दोन खोल्यांची इमारत होती. मेंडेझ यांनी आणखी चार पालकांना बरोबर घेऊन १९४५ मध्ये फिर्याद केली. १९४६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९४७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. ‘या मुलांना इंग्रजी येत नाही’ ही सबब शाळांनी पुढे केली होती. भाषा येत नसेल तर ती वेगळे ठेवल्याने येणार कशी, हा त्यातला साधा प्रश्न होता. मेंडेझ दांपत्याची कन्या सिल्व्हिया, जिला त्या शाळेच्या दारातून परत पाठविले होते, तिला २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्या देशाचे फार मोठे नागरी पदक मिळाले.

दुसरी लढाई टेक्सस राज्यात झाली. तेथे १९७५ च्या कायद्याने कागदपत्रे नसलेल्या मुलांना शाळेत मोफत घेण्याचे बंधन काढून टाकले, आणि टायलर गावच्या शाळांनी १९७७ मध्ये अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १००० डॉलर शुल्क मागितले. मजुराच्या घरी इतका पैसा कोठून येणार? चार कुटुंबांनी न्यायालयात दाद मागितली. त्यांना कोणी ओळखू नये म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी पहाटे सहा वाजता ठेवली होती. न्यायालयातूनच आपणांस देशाबाहेर पाठवितील, या भीतीने एका कुटुंबाने सामानसुमान मोटारीत भरूनच आणले होते. शेवटी १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला की, आईबापांच्या कृत्याबद्दल मुलांना शिक्षणापासून वंचित ठेवता येणार नाही.

दार उघडले तरी आत गेल्यावर काय, हा प्रश्न उरतोच. त्याची दोन उत्तरे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. ह्यूस्टन येथील उपाहारगृहांचे मालक फेलिक्स तिहेरिना यांनी पाहिले की, टेक्ससमधील स्पॅनिशभाषक मुले इंग्रजी न आल्यामुळे पहिलीतच वर्षानुवर्षे अडकून पडतात. शाळेत जाण्यापूर्वी त्यांना निवडक चारशे इंग्रजी शब्द शिकवावेत, अशी योजना त्यांनी आखली. १९५७ च्या उन्हाळ्यात गॅनाडो नावाच्या लहान गावी पहिला वर्ग निघाला. त्याची शिक्षिका कोण होती? हायस्कुलात शिकणारी सतरा वर्षांची एक मुलगी! योजनेची हकीकत वाचून ती आपण होऊन पुढे आली होती. हा वर्ग ‘चारशेंची छोटी शाळा’ म्हणून प्रसिद्ध झाला, आणि १९५९ मध्ये राज्याने तशा वर्गांसाठी कायदाच केला.

दुसरे उत्तर मायामी शहरातील कोरल वे या प्राथमिक शाळेचे. तेथे १९६३ पासून क्यूबातून आलेली मुले आणि इंग्रजीभाषक मुले, दोघांनीही दोन्ही भाषा शिकाव्यात, असा क्रम ठेवला. अर्धा दिवस आपल्या भाषेतून, अर्धा दिवस दुसरीतून. यात एक मोठी गोष्ट साधली. एकाच पक्षाने सारा रस्ता चालून जाण्याऐवजी दोघेही निम्मानिम्मा चालले. सर्वांना हे पटले असे मात्र नाही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ मध्ये द्विभाषिक शिक्षणावर कडक बंधने घातली, आणि २०१६ मध्ये तेथील मतदारांनीच ती उठविली.

आम्हांस स्वतःला या वादात एक अनुभव सांगावासा वाटतो. आमच्या घरची भाषा कोंकणी. आम्ही शिकलो मराठीतून. पहिल्या वर्षी ‘हांव येतां’ असे बोलून गेलो की वर्गात हशा पिके. परंतु आमचे एक गुरुजी हसणाऱ्यांना थांबवीत आणि आम्हांला म्हणत, “आता हेच मराठीत सांग.” घरची भाषा चुकीची आहे, असे त्यांनी कधी भासू दिले नाही. म्हणूनच दुसरी भाषा आम्हांला परकी न वाटता आपली वाटू लागली. घरची भाषा टाकली म्हणजे गावची भाषा लवकर येते, ही समजूत आम्हांस तेव्हापासून खरी वाटत नाही.

आता गावांकडे वळू. जॉर्जिया राज्यातील डाल्टन हे गाव गालिच्यांच्या गिरण्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. तेथे १९९० नंतर मेक्सिकोतून कामकरी कुटुंबे इतक्या वेगाने आली की, वर्गात बसलेल्या मुलांशी शिक्षकांना बोलताच येईना. शाळेत मदतनीस असलेल्या एका मुलीने ही अडचण आपल्या वडिलांच्या कानी घातली. ते होते गावचे वकील अर्विन मिचेल. त्यांनी एका गिरणीमालकाच्या व्यापारी ओळखीतून मेक्सिकोतील मोंतेर्रे येथील विद्यापीठाशी संधान बांधले. १९९७ मध्ये तेथील तरुण शिक्षिका डाल्टनच्या शाळांत येऊन दाखल झाल्या, आणि उन्हाळ्याच्या सुटीत डाल्टनचे शिक्षक मोंतेर्रेला जाऊन भाषा व चालीरीती शिकू लागले. ज्यांना आपण नवशिके म्हणतो, त्यांच्या देशात स्वतः नवशिके होऊन राहणे, यापरता दुसरा चांगला धडा कोणता? तो उपक्रम काही वर्षे चालला. त्याचा कित्ता मात्र आजही गिरवण्यासारखा आहे.

पालकांसाठी शिकागो शहरातील लोगन स्क्वेअर या वस्तीने १९९५ मध्ये वेगळी वाट काढली. शाळेने मातांना सभेस बोलावून उपदेश करण्याऐवजी वर्गातच बोलावले. निवडलेल्या माता रोज सुमारे दोन तास शिक्षकांच्या हाताखाली मुलांना वाचनात व गणितात मदत करीत, आठवड्यातून एकदा स्वतः शिकत, आणि ठरलेले तास भरले की त्यांना अल्प मानधन मिळे. हे काम स्वतःच्या मुलाच्या वर्गात न देता दुसऱ्या वर्गात देत. ज्या मातेला शाळेच्या फाटकाशी थबकण्याची सवय होती, तिला आता पन्नास मुले नावाने हाक मारू लागली. यांतील काही माता पुढे शिकून शिक्षिका झाल्या. ग्रंथालयांनीही आपला वाटा उचलला. मेक्सिकोत ३० एप्रिल हा बालदिन पाळतात. लेखिका पॅट मोरा यांच्या प्रेरणेने १९९६ पासून त्याच दिवशी अमेरिकेतील ग्रंथालयांत मुलांचा आणि पुस्तकांचा सण साजरा होऊ लागला, आणि त्यात अनेक भाषांची पुस्तके मांडली जातात.

कधी कधी लहानशा कागदानेही मोठे काम होते. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरात असे दिसून आले की, ओळखपत्र नसल्यामुळे मजुरांना बँकेत खाते उघडता येत नाही. ते मजुरीचे पैसे खिशात बाळगतात, आणि हे ठाऊक असल्यामुळे चोर त्यांनाच गाठतात. ओळखपत्राअभावी पोलिसांकडे जाण्याचीही त्यांना भीती वाटे. शहराने २००७ मध्ये सर्व रहिवाशांसाठी एकच ओळखपत्र काढले. ग्रंथालयाची पुस्तके त्यावर मिळत. ते विद्यार्थ्यांनी घेतले, जुन्या रहिवाशांनी घेतले, म्हणून ते बाहेरच्यांची खूण ठरले नाही.

मुलांना आवडेल अशी एक हकीकत उत्तर कॅरोलायनातील सायलर सिटी या छोट्या गावाची आहे. कोंबड्यांच्या कारखान्यांमुळे तेथे स्पॅनिशभाषक वस्ती वाढली. जुने रहिवासी अस्वस्थ झाले, आणि फेब्रुवारी २००० मध्ये गावच्या नगरभवनापुढे या लोकांविरुद्ध सभा भरली. त्यानंतर पॉल क्वाद्रोस नावाच्या पत्रकाराने खटपट करून तेथील हायस्कुलात फुटबॉलचा संघ उभा केला. संघातील बहुतेक मुले या नव्या कुटुंबांतील होती. २००४ मध्ये त्या संघाने आपल्या गटात राज्याचे अजिंक्यपद मिळविले. एका विजयाने सगळी कटुता गेली असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या शाळेच्या नावाने ही मुले खेळली, ती शाळा गावाची होती आणि ते अजिंक्यपदही गावाचेच होते.

जुन्या रहिवाशांच्या तक्रारी केवळ दुष्टपणाच्या असतात, असे समजणेही योग्य नव्हे. वर्ग भरून वाहू लागतात, शाळेचा खर्च वाढतो, मजुरीचे दर खाली येतील अशी धास्ती वाटते, ओळखीच्या बाजारात अनोळखी पाट्या दिसतात. त्यांचेही म्हणणे ऐकून घ्यावे लागते. दुसऱ्या बाजूची भीती मात्र अधिक खोल असते. आईबापांजवळ कागदपत्रे नाहीत आणि मूल जन्माने नागरिक, अशी घरे तेथे पुष्कळ आहेत. जानेवारी २०२५ मध्ये तेथील सरकारने शाळा, देवळे व रुग्णालये या ठिकाणी धरपकड टाळण्याचा जुना दंडक मागे घेतला, आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही राष्ट्राची अधिकृत भाषा ठरविण्यात आली. देशात कोणास घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्रास आहे. परंतु जे मूल आज वर्गात बसलेले आहे, त्याला शाळेतून घरी जाताना आई घरात असेल ना, अशी शंका वाटत असेल, तर त्याचे चित्त पाटीवर कसे लागावे?

या सर्व हकीकतीतून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. परगावी आलेले कुटुंब त्या गावचे केव्हा होते? मुलाला गावची भाषा आली म्हणजे अर्धे काम झाले. उरलेले अर्धे त्याच्या आईला शाळेच्या, दवाखान्याच्या, ग्रंथालयाच्या दारातून स्वतःच्या पायांनी आत येता आले म्हणजे पुरे होते. हे दुसरे अर्धे काम तिच्या एकटीच्या हातचे नाही. ते दाराच्या आत बसलेल्यांनी करावयाचे आहे. डाल्टनच्या शिक्षकांनी, शिकागोच्या शाळांनी आणि न्यू हेवनच्या नगरसभेने ते आपापल्या परीने केले.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या सीमेवरच्या गावात घरी एक, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी भाषा बोलणारी मुले तुमच्या शेजारच्या बाकावर बसतात. त्यांचे उच्चार ऐकून हसू नका. त्यांच्या भाषेतील चार शब्द शिकून घ्या. गॅनाडोची ती विद्यार्थिनी तुमच्याहून फार मोठी नव्हती. आणि आम्ही शिक्षकांनी काय करावे, तेही आम्ही ठरविले आहे. येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या दिवशी कचेरीत एक जास्तीची खुर्ची असेल, आणि तेलुगू जाणणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने त्या दिवसांत येऊन बसण्याचे कबूल केले आहे. तो प्रश्न विचारील, माता उत्तर देईल, आणि मुलगा तोपर्यंत पटांगणात खेळावयास मोकळा असेल.